‘धरण शेजारी आहे, वणव्याचं काय टेन्शन’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

पवना, मुळशी, भंडारदरा सगळीकडच्या कॅम्पवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, उन्हाळ्यासाठी कॅम्पसाइट तयार करायच्या सोप्या टिप्स म्हणून. त्याचं सार असं: धरणाकाठी पाण्याची चिंता नाही, मार्चमध्ये आजूबाजूचं गवत जाळून टाका की विषय संपला, वणवा तसाही बांबू घासून लागतो, शेकोटीवर माती टाकली की झालं, आणि एवढं करून आग आलीच तर पब्लिकला पाण्याकडे पळवा. पाचही मुद्दे गोत्यात आणणारे आहेत, त्यातला दुसरा सगळ्यात जास्त.

आधी पाणी. धरण उशाला आणि कोरड घशाला हे मावळातल्या माणसाला समजावून सांगायची वेळ यावी म्हणजे कमाल आहे. पवना धरण १९७२ चं, त्यातलं पाणी पिंपरी-चिंचवड पितं, ते आपल्या कॅम्पच्या मालकीचं नाही. आणि डिसेंबरात तंबूच्या दारात असलेलं पाणी मे महिन्यात कुठच्या कुठे मागे गेलेलं असतं, मधे नुसता भेगाळलेला गाळ, फूटव्हॉल्व, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपच्या तोंडाची झडप, उघडा पडला की मोटर हवा ओढत बसते, आणि आगीच्या वेळी लाइट असेलच याची गॅरंटी कोण देणार? म्हणून आगीसाठी एक टाकी वेगळी ठेवा, जरा उंचावर, म्हणजे मोटर नसली तरी पाइपला धार येईल, आणि तिला भांडी धुवायला कुणी हात लावायचा नाही. शॉवर बंद, बादली चालू. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.

आता गवत जाळणं. मेसेजवाला म्हणतो वनखातंपण जाळतं. हो जाळतं, पण काय जाळतं ते बघा की! जाळरेषा म्हणजे ठरलेल्या रुंदीचा पट्टा, आधी गवत कापून घेतात, मग माणसं उभी करून तेवढंच जाळतात, आणि हे काम आगीचा हंगाम सुरू व्हायच्या आत उरकतात, म्हणजे साधारण १५ फेब्रुवारीच्या आत. तुम्ही मार्चच्या दुपारी वाळक्या कुसळी गवताच्या माळाला काडी लावणार, वारा डोंगराकडे, आणि चढावर आग सपाटीपेक्षा कितीतरी जोरात पळते कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून वाळवून ठेवतात. तिकोना, तुंग, लोहगड सगळे आपल्या डोक्यावर उभे आहेत. म्हणजे जंगलाची आग कॅम्पवर येईल ही भीती आहेच, पण कॅम्पची आग गडावर जाईल ही त्याहून मोठी, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २६ वाचा एकदा, राखीव वनाला आग लावणंच नाही तर वन धोक्यात येईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून देणं हाही गुन्हा आहे. कुणाला कळणार नाही असंही समजू नका, डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची ठिकाणं पकडते आणि अलर्ट वनखात्याच्या लोकांच्या मोबाइलवर जातो.

आणि मेसेजमधलं ते ‘जाळलं की गवत जोमात येतं’. राखेने पहिली फूट हिरवीगार दिसते हे खरंय. पण उघडी पडलेली माती मावळातल्या पावसात थांबते होय? ती जाते धरणात. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात, आणि काजव्यांच्या अळ्या माती-पाचोळ्यात असतात. मे-जूनला काजवे दाखवायचं पॅकेज विकायचं आणि मार्चमध्ये त्यांचा पाचोळा पेटवायचा, हा धंदा माझ्या डोक्यावरून जातो.

मग करायचं काय? कापायचं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की विळा नाहीतर ब्रशकटर लावायचा, तंबूंच्या बाहेरून सगळीकडे एक रुंद पट्टा मातीपर्यंत साफ ठेवायचा, कापलेलं गवत गुरंवाल्याला द्यायचं, आणि पाचोळा पडत राहतो म्हणून पट्टा दर आठवड्याला झाडायचा. हे मे महिन्यात सुचून उपयोग नाही. पार्किंगही कापलेल्या जागेतच, गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो आणि खाली वाळकं गवत.

बांबू. शाळेपासून ऐकतोय, फांद्यांच्या घर्षणाने वणवा. अहो, मग वणवे नेमके वाटेच्या कडेला, रस्त्यालगत, गडाच्या पायथ्याला आणि शेताच्या बांधावरच कसे सुरू होतात? विजेचं म्हणाल तर वीज वळवाबरोबर येते, आपल्याकडे डोंगर फेब्रुवारीपासूनच काळे व्हायला लागतात. आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणसाच्या हातचे: विडी-सिगरेट, शेकोटी, सुटलेली राबाची आग (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात तो राब), मुद्दाम लावलेली काडी. राबावरून लगेच शेतकऱ्याला धरू नका मात्र, जुनी माणसं राब भाजताना कडेचं साफ करून हातात हिरव्या डहाळ्या घेऊन उभी राहतात. आपल्या किती कॅम्पवर शेकोटीपाशी एक तरी माणूस शेवटपर्यंत जागा असतो? आणि ते आकाशात सोडायचे कागदी कंदील तर सरळ बंदच करा, पेटती वस्तू वाऱ्यावर सोडून द्यायची आणि ‘किती छान’ म्हणायचं, काय बोलणार.

शेकोटीवर माती टाकली की निखारा विझत नाही, झाकला जातो. आत धग तासन्‌तास राहते, पहाटे वारा सुटला की पुन्हा उघडी. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, उलटा हात जवळ नेऊन बघा, गरम लागलं तर अजून ओता. बार्बेक्यूचे कोळसेही तसेच. आणि वारा असेल त्या रात्री शेकोटीच नाही, पैसे घेतले असले तरी नाही.

शेवटचं, पाण्याकडे पळा. रात्री, धुरात, पोहता न येणारी पोरंबाळं घेऊन धरणाच्या गाळात? मावळात राहून हे लिहिणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स वाळक्या गवताच्या उतारावर आगीत सापडले, वीसहून जास्त माणसं गेली. निघायचं कुठून हे आधीच ठरलेलं असणं एवढीच गोष्ट हातात असते. गाड्या रात्रीच रस्त्याकडे तोंड करून लावा, तंबूनिहाय माणसांची यादी मॅनेजरच्या खिशात ठेवा, जमायची जागा साफ केलेल्या मातीवर आणि डोंगरापासून लांबच्या बाजूला ठेवा. दोन फवारणीचे पाठपंप कायम भरलेले असू द्या, छोटी आग त्यांनी आणि डहाळ्यांनी आटोक्यात येते, ज्वाळा कमरेच्या वर गेल्या की मात्र हिरोगिरी न करता माणसं बाहेर काढायची. फोन: ११२, वनखात्याची हेल्पलाइन १९२६, आणि आपल्या बीटच्या, म्हणजे आपल्या भागातल्या जंगलाच्या, वनरक्षकाचा नंबर, जो नोव्हेंबरातच चहाला बोलावून घ्यायचा असतो. रेंज कुठल्या कोपऱ्यात येते तेही त्याच दिवशी बघून ठेवा, पवन्याला निम्म्या जागी येत नाही.