पाटी एक, पगार दोन: फिरत असलेल्या त्या मेसेजबद्दल

‘समान काम, समान वेतन हा आता मूलभूत हक्क! सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निर्णय. पदनाम आणि काम सारखं असेल तर सरकारला वेतनश्रेणी सारखी द्यावीच लागेल. कंत्राटींनाही पूर्ण पगार. ज्युनिअरला जास्त पगार असेल तर सिनिअरला तेवढाच मिळणार. एकाने केस जिंकली की निकाल सगळ्यांना लागू. थकबाकी नियुक्तीच्या तारखेपासून. फक्त आपल्या कार्यालयात अर्ज द्या. दहा ग्रुपवर पाठवा.’

हा मेसेज मला पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी पुसून टाकला. दुसऱ्यांदा तो आमच्या आस्थापना शाखेत माझ्या टेबलावर आला, कागदावर. एका भांडारपालाने रीतसर अर्ज लिहिला होता: ‘सोबत जोडलेल्या संदेशानुसार मला सुधारित वेतनश्रेणी मंजूर व्हावी.’ खाली मेसेजची प्रिंट, कोपऱ्यात टाचणी, आवक क्रमांकही पडलेला. शेजारच्या टेबलावर हसू झालं. मला हसू आलं नाही, कारण त्या माणसाची तक्रार बहुधा खरी होती आणि पुरावा म्हणून त्याने जगातला सगळ्यात कुचकामी कागद जोडला होता. म्हणून एकेक वाक्य घेते.

मूलभूत हक्काचं आधी. ‘समान काम, समान वेतन’ हे शब्द राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये आहेत, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत. ही तत्त्वं थेट कोर्टातून बजावून घेता येत नाहीत, असं अनुच्छेद ३७ सांगतो. १९६२ मध्ये आयकर अधिकाऱ्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर ही कल्पना अमूर्त आहे आणि अनुच्छेद १४ शी, म्हणजे कायद्यापुढच्या समानतेच्या हक्काशी, तिचा संबंध नाही, असं म्हणून विषयच मिटवला होता. तो पुन्हा उघडला दिल्ली पोलिसांतल्या एका ड्रायव्हर-कॉन्स्टेबलने. रणधीर सिंग विरुद्ध भारत सरकार, १९८२. त्यातले आकडे बघण्यासारखे आहेत. मॅट्रिक नसलेल्या पोलीस ड्रायव्हरला २१०-२७० रुपयांची श्रेणी, मॅट्रिक असलेल्याला २२५-३०८. त्याच दिल्लीत सचिवालयाबाहेरच्या कार्यालयांतल्या ड्रायव्हरला २६०-३५०, सचिवालयातल्या आणि रेल्वे संरक्षण दलातल्या ड्रायव्हरला २६०-४००. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी अनुच्छेद १४ आणि १६ (सरकारी नोकरीत समान संधी) हे ३९(घ) च्या उजेडात वाचले आणि रेल्वे संरक्षण दलाची श्रेणी द्यायला लावली. तत्त्वाला कायद्याचा दात फुटला तो इथे.

पण हा दात कुठे लागतो? वर्गवारी अतार्किक असेल, किंवा मुळात वर्गवारीच नसेल आणि तरी पगार वेगळा असेल, तिथे. म्हणजे हक्क समानतेचा, वेतन हा त्याचा परिणाम. जानेवारी २०२२ मध्ये, मध्य प्रदेशातल्या एका निवृत्त वनसेवा अधिकाऱ्याच्या प्रकरणात, न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की समान वेतन हा कर्मचाऱ्याला मिळालेला मूलभूत हक्क नाही, सरकारने गाठायचं ते घटनात्मक उद्दिष्ट आहे. मेसेज म्हणतो त्याच्या बरोबर उलटं. हे वाक्य मला काही फार आवडत नाही. उद्दिष्ट म्हटलं की वित्त विभागाला सवड मिळते. पण आवडो न आवडो, सुनावणीत सरकारी वकील ते वाचून दाखवणारच.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर निम्मी प्रकरणं मार खातात: ‘पदनाम आणि काम सारखं.’

पदनाम ही दारावरची पाटी आहे. कोर्ट पाटी वाचत नाही. १९८८ मध्ये सीमाशुल्क आणि केंद्रीय अबकारी खात्यातले स्टेनोग्राफर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. डिक्टेशन तेच, टंकलेखन तेच, मग सचिवालयातल्या स्टेनोंपेक्षा आम्हाला कमी का? उत्तर मिळालं की कामाचं प्रमाण सारखं असलं तरी जबाबदारी, विश्वासार्हता, गोपनीयता वेगळी असू शकते आणि तेवढ्यावर वेगळी श्रेणी टिकते. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयातल्या बेंच सेक्रेटरींच्या, म्हणजे चौरसिया प्रकरणात, एकाच संवर्गात दोन श्रेणीही चालतील असं ठरलं, आणि पदांची तुलना करणं हे वेतन आयोगासारख्या तज्ज्ञांचं काम, कोर्टाचं नव्हे, हेही. १९८९ मध्ये दिल्लीच्या एम्समधला हिअरिंग थेरपिस्ट शैक्षणिक अर्हतेवर हरला. आणि २०२१ मध्ये रेल्वेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या खासगी सचिवांनी केंद्रीय सचिवालयाच्या सचिवांशी बरोबरी मागितली, सहाव्या वेतन आयोगातल्या शिफारशींचा आधार घेऊन. तेही रिकाम्या हाताने परतले.

म्हणजे कोर्ट काय पाहतं? भरती कशी होते, सरळसेवेने की पदोन्नतीने. सेवाप्रवेश नियमांत अर्हता काय आहे. कर्तव्यसूचीत काय लिहिलंय. चूक झाली तर कोणाच्या अंगावर येते. पूर्वी दोन्ही पदं एका श्रेणीत होती का, आणि असतील तर कधी, कोणत्या कारणाने फुटली. सिद्ध करण्याचं ओझं मागणाऱ्यावर. आधी सरकारला काही सिद्ध करावं लागत नाही.

आमच्या भांडारपालाला मी एक पाठकोरा कागद दिला आणि मधे उभी रेघ मारली. डावीकडे तो, उजवीकडे दुसऱ्या खात्यातला भांडारपाल, ज्याची श्रेणी वरची. पहिल्या ओळी भराभर भरल्या. साठा पुस्तक दोघांकडे. जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे आपलं डेड स्टॉक रजिस्टर, दोघांकडे. वार्षिक पडताळणीला दोघेही उभे. तूट आली तर वसुली दोघांच्याही पगारातून. तो खुलत गेला. ‘बघा मॅडम, काय फरक आहे?’ मग मी विचारलं, तो कसा लागला? सरळसेवेने, पदवी घेऊन. आणि तुम्ही? लिपिकाचे भांडारपाल झालात, सेवाज्येष्ठतेने. त्याच्या ताब्यात काय? यंत्रांचे सुटे भाग, लोखंड. तुमच्या? स्टेशनरी, फर्निचर, फिनाइल. पेन टेबलावर ठेवून तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला.

वरच्या चार ओळी जिंकून खालच्या दोन ओळींत केस जाते ती अशी. गंमत म्हणजे या दोन ओळी नेमक्या त्याच कागदांत असतात जे अर्जाला कोणी जोडत नाही.

कंत्राटींचा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. ऑक्टोबर २०१६ चा पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग हा निकाल खरोखर मोठा आहे. न्या. खेहर आणि न्या. बोबडे यांच्या पीठाने सांगितलं की रोजंदारी, हंगामी, कंत्राटी म्हणून नेमलेला माणूस नियमित कर्मचाऱ्याचंच काम त्याच जबाबदारीने करत असेल, तर त्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीचं किमान वेतन मिळालंच पाहिजे. किमान. म्हणजे श्रेणीची पहिली पायरी. पुढच्या वेतनवाढी त्यात नाहीत, कायम होण्याचं आश्वासनही नाही. ‘पूर्ण पगार’ हे मेसेजवाल्याने पदरचं घातलंय.

आणि हा निकाल सगळीकडे चालतो असंही नाही. बिहारमध्ये पंचायतींमार्फत नेमलेले ‘नियोजित’ शिक्षक साडेतीन लाखांहून अधिक. पाटणा उच्च न्यायालयात २०१७ मध्ये जिंकले. त्याच शाळेत, त्याच वर्गात, तोच धडा शिकवतात, यावर वाद नव्हताच. तरी १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. जुने सरकारी शिक्षक हा संपत चाललेला संवर्ग, त्यात नवी भरती बंद, आणि नव्यांची नेमणूक वेगळ्या पद्धतीने झालेली, म्हणून दोन वेगळे वर्ग ठरले. मला विचाराल तर हा निकाल पचायला जड आहे. जुना संवर्ग संपवायचा निर्णयही सरकारचाच होता. आपल्याकडच्या शिक्षण सेवकांनाही त्याच वर्गात उभं राहून ६, ८ आणि ९ हजारांवर वर्षानुवर्षं काम करावं लागलं, आणि २०२३ मध्ये ते मानधन १६, १८ आणि २० हजार झालं. ते कोर्टाच्या फटक्यापेक्षा मागणीच्या रेट्याने अधिक झालं असं माझं मत.

ज्युनिअर-सिनिअरचं थोडक्यात. हा वेतनश्रेणीचा वादच नाही, वेतननिश्चितीचा आहे. सिनिअरचं वेतन ज्युनिअरच्या बरोबरीला आणणं, त्याला आपण स्टेपिंग अप म्हणतो आणि त्याच्या अटी ठरलेल्या आहेत: दोघे एकाच संवर्गातले, खालचं आणि वरचं पद दोन्हीकडे सारखं, आणि तफावत वेतननिश्चितीच्या नियमामुळेच आलेली. ज्युनिअरने मधे कुठे स्थानिक, तात्पुरत्या पदोन्नतीवर काम करून वेतनवाढी कमावल्या असतील तर सिनिअरला त्या मागता येत नाहीत. १९९७ च्या स्वामिनाथन प्रकरणात हे ठरलंय. आधी दोघांची सेवापुस्तकं शेजारी ठेवून पाहा, मग रागवा.

‘एकाने जिंकली की सगळ्यांना’ यातही एक दाणा खरा आहे. २०१४ च्या अरविंद कुमार श्रीवास्तव निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की सारख्या परिस्थितीतल्या कर्मचाऱ्यांना सारखाच लाभ द्यावा, प्रत्येकाला कोर्टात पाठवू नये. पण लगेच पुढे अपवाद: जे वर्षानुवर्षं कुंपणावर बसले, दुसऱ्याची केस जिंकल्याचं कळल्यावर जागे झाले, त्यांना उशीर भोवतो. निकाल सगळ्या संवर्गासाठी म्हणूनच दिला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे कुंपणावर बसायला जागा शिल्लक नसते, इतकी गर्दी.

आणि एक. दुसऱ्याला वरची श्रेणी चुकून मिळाली असेल, तर ती चूक तुमचा हक्क होत नाही. नियमबाह्य लाभाची बरोबरी मागता येत नाही, हे १९९५ च्या चंदीगड प्रशासन विरुद्ध जगजित सिंग प्रकरणात आलंय. हो, हाही जगजित सिंग. हा वेगळा. एका अर्जात मी या जगजित सिंगचा निकाल त्या जगजित सिंगच्या समजुतीने जोडलेला पाहिलाय. अर्जदाराने स्वतःच स्वतःविरुद्धचा कागद दिला होता.

थकबाकी. रणधीर सिंगला १९८२ मध्ये लाभ मिळाला तो १ जानेवारी १९७३ पासून, म्हणजे वेतन आयोग लागू झाल्यापासून. मेसेजमधली ‘नियुक्तीच्या तारखेपासून’ ही आशा बहुतेक तिथून आली असावी. आजचं गणित वेगळं आहे. चुकीचा पगार हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानतात, त्यामुळे दार कायमचं बंद होत नाही (एम. आर. गुप्ता, १९९५), पण मागची थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती (तरसेम सिंग, २००८). प्रशासकीय न्यायाधिकरणात जाण्याची मुदत तर अंतिम आदेशापासून एक वर्षाची. राज्य शासनाचे कर्मचारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातात, जिल्हा परिषदेचे थेट उच्च न्यायालयात. चुकीच्या दारात दोन वर्षं घालवणारे कमी नाहीत. ‘फक्त अर्ज द्या’ म्हणणारा मेसेज हे सांगत नाही.

आणि हे सगळं लिहिताना सरकारची बाजू घ्यायचा माझा अजिबात इरादा नाही. तफावती खऱ्या आहेत. सातवा वेतन आयोग राज्यात १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला, प्रत्यक्ष पगारात आला २०१९ मध्ये. त्यासाठी राज्याने नेमलेल्या के. पी. बक्षी समितीला अहवालाचा दुसरा खंड लिहावा लागला तो याच त्रुटींसाठी, आणि त्यानंतरही भागलं नाही म्हणून २०२४ मध्ये मुकेश खुल्लर समिती नेमली. सगळं आलबेल असतं तर समितीमागून समिती कशाला लागली असती? भांडण खरं आहे, म्हणूनच ते फॉरवर्डवर सोडू नये.

भांडारपाल तीन आठवड्यांनी परत आला. प्रिंट नव्हती. दोन्ही पदांचे सेवाप्रवेश नियम होते, जुने आणि सुधारित, आणि एका ओळीवर पिवळं मार्कर. दुसऱ्या खात्यातली पदवीची अट नंतरच्या दुरुस्तीत आली होती. त्याआधी तिथलाही भांडारपाल लिपिकातूनच व्हायचा. सोबत त्या काळच्या वेतनश्रेणींच्या तक्त्याची झेरॉक्स, धूसर, पण वाचता येणारी: दोन्ही पदं एकाच श्रेणीत.

‘मॅडम, आता?’

आता म्हणजे काय, जिंकेल असं मी म्हटलं नाही. लोखंड आणि फिनाइलची ओळ अजून तशीच आहे. पण टिपणी नव्याने लिहिली. विषय बदलला: ‘समान काम समान वेतन’ काढून ‘भांडारपाल पदाची वेतनत्रुटी’ केला. फाइल वर गेली आहे. अशा फायलींवर वित्त विभागाचा पहिला शेरा बहुतेक वेळा ठरलेला असतो, ‘कर्तव्यसूची जोडावी’. या वेळी ती पान ११ वर आहे.