दहा तोळ्यांचं पितळ

गुरुवारपासून माझा वरचा ओठ मधोमध, किंचित डावीकडे, अडतोय. आरशात बघितलं तर ओठ साफ. ओरखडा ओठावर नाहीच, ट्रम्पेटच्या माऊथपीसवर आहे; त्याच्या गोल कडेवर, बरोबर ओठ टेकतो त्या जागी. दिसायला तिळाएवढा. लागायला मात्र रस्त्यातल्या खड्ड्याएवढा, आणि सोलापुरात तीस वर्षं स्कूटर चालवल्यामुळे खड्ड्यांचं माप मला बऱ्यापैकी कळतं.

झालं ते असं. हिला बांगड्या पॉलिशला टाकायच्या होत्या. सराफ बाजारातलं दुकान तिच्या माहेरच्यांचं, म्हणजे मालकीचं नव्हे, भरवशाचं. तीन पिढ्यांपासून त्यांचं सोनं तिथेच मोडतं आणि तिथेच घडतं. माझं काम स्कूटर चालवायची आणि आत पंख्याखाली बसून राहायचं. बसलो. घाम पुसायला रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर खिशातला माऊथपीस फरशीवर पडला. टण्ण.

माऊथपीस खिशात कशाला, असं हिनेही नंतर विचारलं. घरात ट्रम्पेट काढलं की वरच्या मजल्यावरून फरशीवर काहीतरी आपटतात. म्हणून मी नुसता माऊथपीस घेऊन संध्याकाळी संभाजी तलावाकडे जातो आणि कडेला उभा राहून फुरफुरतो. ट्रम्पेटचा सगळा जीव त्या सोळा मिलिमीटरच्या वाटीत असतो. बाकीची नळी त्याच फुरफुरीला चांगले कपडे घालते. तलावाकडचे बगळे अजून तरी काही आपटत नाहीत.

तर माऊथपीस पडला. त्याचं एक तोंड रुंद आणि दांडी निमुळती, त्यामुळे तो सरळ घरंगळत नाही, गोल फिरतो. त्याने दुकानात एक शांत प्रदक्षिणा घातली आणि एका आजींच्या पायाशी जाऊन थांबला.

आजी नातीच्या लग्नाची जोडवी घ्यायला आल्या होत्या. इरकल नेसलेल्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात. त्यांनी वाकून तो उचलला, तळहातावर झेलल्यासारखा दोनदा वरखाली केला आणि दुकानाला उद्देशून विचारलं, "कुनाचं हाय हे?"

"माझं."

"काय हाय?"

"माऊथपीस."

"ते र्‍हाऊ दे. हाय काय?"

काउंटरवरचा एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "हुक्क्याचं हाय बे." दुसरा म्हणाला, अत्तरदाणी असेल. आमची ही समोरच्या काचेतल्या नथी इतक्या मन लावून बघायला लागली, की आमचा संबंध आहे असं कुणाला वाटू नये.

"ट्रम्पेट असतं ना आजी, बँडमध्ये. त्याला पुढे लावून तोंडाने वाजवतात."

"आन् वजन किती म्हनायचं ह्याचं?"

इथे मी चुकलो. मी खरं सांगितलं. शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणालो. भाजी मंडईत शंभर ग्रॅम म्हणजे मिरच्या. सराफाच्या दुकानात शंभर ग्रॅम म्हणजे दहा तोळे. ज्या गल्लीत चार दिवसांनी नळ येतो तिथे "पाणी आलं!" ही बातमी जशी पसरते, तसे दहा तोळे दुकानभर पसरले. दारातला वॉचमन आत आला. बांगड्या मोजणारे स्वतः मालक मोजता मोजता थांबले.

"धा तोळं," आजी म्हणाल्या. "धा तोळं खिशात टाकून फिरतोस? फाटक्या?" खिसा फाटका नव्हता. पण कोण ऐकतं.

"आजी, सोनं नुसतं वरून आहे. मुलामा. त्याच्या खाली चांदीचा थर, आणि आत सगळं पितळ."

"मग सरळ पितळ म्हन की."

एवढ्यावर मिटलं असतं. पण तोंडाला लावायच्या वस्तूचं सोनं आणि चांदी यात काय फरक, हे मला गेले आठ महिने कुणालातरी सांगायचं होतं, आणि कधी कुणी विचारलंच नव्हतं. आजींनी विचारलं. "पयलं कसलं होतं?"

"चांदीच्या मुलाम्याचं."

"चांदी!" त्या एकदम मागे सरकल्या. समोर ट्रेमध्ये जोडवी मांडलेली होती. त्यातलं एक उचलून त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. "चांदी पायात घालत्यात रे. तोंडाला कशापायी लावलास?"

मी बँकेत चौतीस वर्षं काढली. त्या चौतीस वर्षांत असा प्रश्न ऑडिटरनेही विचारलेला नाही. तरी मी लढवून बघितलं. म्हटलं, "उष्टावणाला चांदीचीच वाटी आणि चांदीचाच चमचा असतो ना आजी."

"तुजं उष्टावण झालंय न्हवं?"

"झालंय."

"मग? आन् सोनं तोंडाला कवा लावत्यात, म्हाईत हाय का?"

दुकान गप्प झालं. सगळ्यांना माहीत होतं. तुळशीचं पान, गंगेचं पाणी आणि सोन्याचा मणी. एकदाच, आणि ज्याला लावतात त्याला चव सांगता येत नाही.

"चांदी उष्टावणाला, सोनं शेवटाला," आजी म्हणाल्या. "तू मधल्या मधे काय करूलालास?"

"रोज संध्याकाळी... अर्धा तास..."

आजींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या आमच्या हिच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत जी माया होती ती मला आठवली की अजून राग येतो.

आता त्या दिवशी जे मला नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगतो. चांदीवर ओठ थांबतो. ओठ ओला असो की कोरडा, चांदी त्याला धरून ठेवते. सोलापुरी चादर कशी, अंगावर घेतली की सकाळपर्यंत सरकत नाही, तशी. सोन्यावर ओठ घसरतो. मऊ लागतं, गुळगुळीत लागतं, लग्नात मिळालेल्या रेशमी रजईसारखं छान लागतं, आणि मध्यरात्री रजई पलंगाखाली असते. ज्यांचा ओठ वाजवता वाजवता वर-खाली सरकतो त्यांना हे घसरणं सोयीचं. माझ्यासारखा दाबून वाजवणारा वरच्या सुराला गेला, की सूर एकीकडे आणि ओठ भलतीकडे.

मग घेतलं कशाला? (हाही प्रश्न आजींनी विचारला होता. त्यांनी एकही सोडला नाही.) घेतलं ओठासाठी. चांदी काळी पडते. हवेतल्या गंधकाने पडते, हे शाळेत शिकलो होतो. घरी मात्र मी शेंगाचटणीतल्या लसणावर संशय घेतला आणि चटणी काही सोडली नाही. काळा पडला की मी दंतमंजनाने घासायचा. वर्षानुवर्षं घासला. शेवटी कडेवरची चांदी गेली आणि खालचं पितळ ओठाला लागायला लागलं. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवल्यावर ते जसं कळकतं, तसा प्रत्येक सूर कळकायला लागला. ओठाला खाज, कधी पुरळ. सोन्याला काही चढत नाही, ते काळं पडत नाही, कातडीशी भांडत नाही. म्हणून सोनं.

बाकी त्याने आवाज बदलतो, गोल होतो, उबदार होतो असं म्हणणारे लोक आहेत. मीही पहिले पंधरा दिवस म्हणायचो. मग हिशेब केला. मुलाम्याचा थर असतो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एका केसाचे पन्नास पापुद्रे सोलता आले तर त्यातला एक. त्या पापुद्र्यातून जानेवारीत गार लागतं आणि एप्रिलमध्ये चटका बसतो तो आतल्या पितळेचा, सोन्याचा नव्हे. ऊब मला लागत होती ती बहुतेक किमतीची. घसरणं मात्र खरं आहे. त्यावर मी शपथ घेईन.

हे मी आजींना समजावत होतो, चादर आणि रजईपर्यंत आलो होतो, आणि त्याच वेळी मालकांनी तो माऊथपीस हातात घेतला. मला वाटलं, बघतायत. त्यांनी काळी कसोटी पुढे ओढली. मी "अहो" म्हणेपर्यंत सर्र. नुसतं सर्र नाही, दाबून सर्र. आधी सोन्याची रेघ उमटली. परत दाबली, पांढुरकी झाली. आणखी दाबली, पिवळट. मग बाटलीतून तेजाबाचा थेंब. रेघ हिरवट झाली, विरघळली, गेली.

"पितळ," मालक म्हणाले. कोर्टातला पुकारा असतो तसं.

"अहो, मी सांगत होतो ना! तीनदा सांगितलं!"

"खात्री केलेली बरी," ते म्हणाले, आणि माऊथपीस माझ्याकडे सरकवला. दोन बोटांनी.

कडेवर बोट फिरवलं. चरा. घासायचाच होता तर दांडीवर घासायचा होता, वाटीच्या बाहेर कुठेही घासायचा होता. सगळा माऊथपीस सोडून त्यांनी बरोबर ओठाची जागा धरली. माझं डोकं फिरलं. मी मोठ्याने म्हणालो, "साडेतेरा हजारांची वस्तू आहे ही! दगडावर घासता?"

नथी बघणं थांबलं.

"साडेतेराशे ना?" हिने विचारलं. फार हळू विचारलं.

पितळ उघडं पडणे, वाक्यात उपयोग करा. शाळेत दोन मार्कांना असायचं. एका दुपारी दोनदा उपयोग होईल असं गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

मालकांनी मोठं मन करून पॉलिश मारून द्यायची तयारी दाखवली, वर म्हणाले मजुरी नको. चाकावर धरला तर कडेची गोलाई जाईल, उरलेलं सोनंही जाईल, हे सांगायचं त्राण मला राहिलं नव्हतं. माफी कुणी मागितली नाही. मागायला हवी होती असं तिथे माझ्याशिवाय कुणाला वाटलंही नाही, आणि हे मला चऱ्यापेक्षा जास्त लागलंय.

कारण तबल्याच्या शाईला कुणी नख लावून बघत नाही. पेटीवर लोक शाल घालतात. ट्रम्पेट मात्र लग्नातलं. मला ज्यांनी ते शिकवलं ते मास्तर बँडवाले होते. मे महिन्यात, पारा त्रेचाळीसला, सोनेरी लेस लावलेला जाड लाल कोट अंगात घालून ते पांजरापोळ चौकापासून वरात ओढत न्यायचे. त्यांच्या माऊथपीसवर चांदी होती की कधी नव्हतीच, सांगता येत नसे. नुसतं पितळ, हिरवट कड. वाजवून झालं की कोटाच्या बाहीला पुसायचे. ओठावर गोल वळ कायमचा. चहा बशीत ओतून तोंडाच्या कोपऱ्यातून घ्यायचे, कारण मधला ओठ गरम सोसत नसे. त्यांना कधी कुणी विचारलं नाही, मास्तर, ओठ कसा आहे. जेवायला शेवटच्या पंगतीला बोलवायचे, तेही आठवण राहिली तर. आता तेवढंही नाही, आता भिंती हलवणारी डीजेची गाडी असते, आणि तिला ओठच नसतात.

असो. व्हिन्सेंट बाख नावाच्या ट्रम्पेटवादकाचीही अशीच गोष्ट आहे. दौऱ्यावर असताना पिट्सबर्गमधल्या एका दुरुस्तीवाल्याने त्याचा माऊथपीस नासवला. बाखने पायाने चालवायचा लेथ विकत घेतला आणि १९१८ मध्ये न्यूयॉर्कला स्वतः माऊथपीस बनवायला सुरुवात केली. आज जगभरच्या पोरांच्या हातात पहिला माऊथपीस बहुधा त्याच्या नावाचा, नाहीतर त्याच्या मापाचा असतो. माझाही त्याच्याच नावाचा, ७सी मापाचा. माझा नासवला तेव्हा मी काय केलं? पार्क चौकात स्कूटर थांबवली आणि एक भजी प्लेट घेतली. हिने घेतली नाही.

निघताना आजींनी मात्र मला हाक मारली होती. जोडव्यांची पुडी पिशवीत टाकत विचारलं, "वरातीला येतोस काय? किती घेतोस?" मी म्हटलं, मी लग्नात वाजवत नाही. "बरं हाय," त्या म्हणाल्या, "तसं बी गिलिटच."

सोन्याचा आता डबीत ठेवलाय. जुना चांदीचा परत काढला, ओठाला पुन्हा खाज सुरू आहे. काल संध्याकाळी गॅलरीत उभा राहून तो ओठाला लावला. ही समोर शेंगा फोडत बसली होती. काही बोलली नाही. पाय थोडे पुढे घेतले, आणि स्वतःच्या जोडव्यांकडे बघत राहिली.