उद्दिष्टाच्या रकान्यात काय लिहायचं?

घरच्या ग्रुपवर परत कंडक्टरचं प्रकरण निघालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये मराठी-कन्नडवरून कंडक्टरला मारहाण झाली, दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या, मार्चमध्ये कर्नाटक बंद झाला. तेव्हापासून आमच्याकडं दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी त्या निखाऱ्यावर फुंकर घालतंच. या वेळी बेंगळूरच्या चुलतभावानं घातली. "राज्यात राहायचं तर भाषा शिकायला काय होतंय? ताईला विचारा. तिच्याकडं निर्वासित येतात आणि मुकाट्यानं इंग्रजी शिकतात."

मुकाट्यानं! या बाबानं माझा वर्ग एकदा तरी बघावा.

शेफिल्डच्या एका कॉलेजात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. सुदान, एरिट्रिया, अफगाणिस्तान, सीरिया. एन्ट्री वनचा, अगदी सुरुवातीच्या पायरीचा वर्ग, म्हणजे काही जण पहिल्यांदाच हातात पेन धरणारे. सप्टेंबरात प्रत्येकाचा एक फॉर्म भरावा लागतो, त्यात उद्दिष्टांचा रकाना. उद्दिष्ट नेमकं हवं, मोजता येईल असं हवं, पुढं तारीख हवी. 'मला इंग्रजी सुधारायचं आहे' हे चालत नाही. ते सगळेच लिहितात, आणि मी सगळ्यांचं खोडते.

मग शेजारी बसून विचारायचं, इंग्रजी कुणाशी बोलायचंय? कधी? काल कुठं अडलं? एका सुदानी बाईचं उद्दिष्ट ठरायला तीन आठवडे लागले. सकाळी आठ वाजता सर्जरीला, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्याला, फोन लावायचा आणि रिसेप्शनवरच्या बाईनं ठेवायच्या आत मुलाला काय होतंय ते सांगायचं. तारीख, नाताळच्या आधी. एका अफगाणी गृहस्थांना ड्रायव्हिंग लायसन्सची थिअरी परीक्षा पास व्हायची होती. पन्नासातले त्रेचाळीस प्रश्न बरोबर हवेत आणि प्रश्न परभाषेत ऐकायची सोय २०१४ पासून बंद. पंचवीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस 'राउंडअबाउट' हा शब्द वहीत दहा-दहा वेळा लिहायचा आणि मध्येच पेन आपटून पश्तूत काहीतरी म्हणायचा. ते काय होतं हे कळायला दुभाष्याची गरज नव्हती.

हा रकाना मला आवडतो. कागदी घोडे म्हणून माझे सहकारी नाकं मुरडतात, पण मी बेळगावची आहे. आमच्याकडं सत्तर वर्षांत हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नाही. कन्नड कशासाठी? तहसीलदार कचेरीतला अर्ज भरायला, की नोकरीला, की कंडक्टरकडं तिकीट मागायला? आणि कुठवर यायला हवी? शिकलास तर गद्दार, नाही शिकलास तर उपरा. मधलं काही लिहायला जागाच नाही. तिकडं पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं म्हणून टेप घेऊन अक्षरं मोजतात. मोजता येईल असं उद्दिष्ट खरंच, पण कुणाच्या उपयोगाचं?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर हेही की इथं हॉस्पिटलात फोनवर दुभाष्या मिळतो, आणि आपल्याकडं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्यायचा जुना नियम असून कागद कन्नडमध्येच येतात. लिहिताना बरं वाटत होतं. लांबून लिहिताना वाटतंच.

काकांचा व्हॉइस मेसेज आला. "तुझे विद्यार्थी पळून आलेत बाई. आम्ही कुठनं आलोय? आम्ही हाय तिथंच हाय. हद्द आलीया पळत."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. माझी आजी बेळगावच्या शहापुरातल्या एकाच घरात मुंबई राज्यात नांदली, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेली, १९७३ साली कर्नाटकात. चूल तीच. सीमावादावरचा महाजन आयोग १९६७ साली काय ते सांगून गेला, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्या घराला कुणी तारखेचा रकाना भरून मागितला तर काय लिहिणार?

आणि इथल्या फॉर्मचं जे मी ग्रुपवर लिहिलं नाही, ते असं. एरिट्रियाच्या एका मुलानं उद्दिष्टात एकच शब्द लिहिला होता, 'वाईफ'. मोजता येत नाही म्हणून तो फॉर्म माझ्याकडं परत आला. मी त्याच्याकडून लिहून घेतलं, 'डिसेंबरपर्यंत मी अर्जात माझं नाव, पत्ता आणि जन्मतारीख न चुकता लिहीन.' त्यानं निमूटपणे लिहिलं. (हाच बहुधा भावाचा मुकाटपणा.) सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं निर्वासितांच्या कुटुंबांना बोलावण्याचे नवे अर्ज घेणंच थांबवलं. त्याला आता नाव, पत्ता, जन्मतारीख सुरेख लिहिता येते. उद्दिष्ट साध्य, अशी खूण मीच केली.

आता काकांविषयी. ग्रुपवर सगळ्यात मोठा आवाज त्यांचा, एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत त्यांच्या दंडाला. आणि बेळगावच्या रविवार पेठेत गोकाकच्या व्यापाऱ्याशी भाव करताना त्यांचं कन्नड ऐकावं! शिव्यांसकट. त्यांना भाषेचं वावडं कधीच नव्हतं, सक्तीचं होतं. आमच्या घरात कन्नड न येणारी एकटी मी. दहावीला घोकून पास झाले आणि विसरले. रिक्षात बसले की 'बरंगिल्ल', म्हणजे 'येत नाही', एवढा एक शब्द पुरवते.

मराठीचं तरी काय? पुण्यात हॉस्टेलवर मी "आलो, जेवलो" म्हटलं की मुली हसायच्या, 'कानडी मराठी' म्हणायच्या. आमच्याकडं बायका असंच बोलतात. एका वर्षात मी 'आले, जेवले' शिकले, तेही कुणी सक्ती न करता. हा लेख त्याच पुणेरी मराठीत लिहिलाय. काकांना फोन केला की अजून 'आलो'च म्हणते आणि नवरा शेजारी असला तर आवाज आपोआप बारीक होतो.

वर्गात कुणी कौन्सिलचं पत्र घेऊन आलं की मी त्यातली तारीख नि सही करायची जागा पेन्सिलीनं गोल करून देते. गेल्या वर्षी बाबा गेल्यावर खानापूरकडच्या शेताचा उतारा काढला. पूर्ण कन्नड. काउंटरवरच्या मुलानं काहीतरी विचारलं, मी काकांकडं बघितलं. घरी येऊन त्यांनी चष्मा लावून सगळा वाचून दाखवला, एकेक रकाना. "तुला एवढं पण येत न्हाई व्हय गं?" असं म्हणाले, रागानं नाही.

तो कागद इथं माझ्या टेबलाच्या खणात आहे. सर्व्हे नंबर मला वाचता येतो, आकडे आहेत म्हणून. बाबांचं नाव कुठल्या ओळीत आहे ते काकांनी पेन्सिलीनं गोल करून दिलंय.