रजिस्ट्री क्लीनरने पीसी दुप्पट वेगाने पळत नाही

कोथरूडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'फुकटचा रजिस्ट्री क्लीनर टाका, जुना पीसी दुप्पट वेगाने पळेल.' हे खरं नाही. रजिस्ट्रीत विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या नोंदी असतात. क्लीनर त्यातल्या शे-दोनशे जुन्या नोंदी पुसतो, पण त्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उलट नको ती नोंद उडाली तर विंडोज सुरूच न होण्याचा धोका असतो. म्हणूनच मायक्रोसॉफ्टही असे क्लीनर वापरायला पाठिंबा देत नाही. आईवडिलांच्या पीसीवर तर हे कृपया टाकू नका. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या (पीसीबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतले बिनकामाचे प्रोग्रॅम बंद करा, पीसी लवकर सुरू होईल. अजून जुनी हार्ड डिस्कच असेल, तर पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्याहून वेगवान डिस्क) आणून बसवा. खरा फरक तिथे दिसतो.