खुलासा : युनियनसाठी कंपनीची परवानगी लागत नाही

‘व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय युनियन काढता येत नाही, सही करणाऱ्याला कंपनी काढू शकते,’ हा फिरणारा मजकूर दिशाभूल करणारा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ च्या करार क्र. ८७ नुसार पूर्वपरवानगी लागत नाही. १९४९ चा करार क्र. ९८ सभासदत्वामुळे होणाऱ्या बडतर्फीविरुद्ध संरक्षण देतो. नोंदणीचे नियम मात्र देशागणिक वेगळे.

खरी अडचण अशी, की कारवाईच्या नोटिशीत ‘युनियन’ हा शब्द सहसा नसतोच. जुने लेटमार्क उकरले जातात, पुढाकार घेणाऱ्याची बदली होते, पाळी बदलते. म्हणून तारखा टिपून ठेवा : युनियनसाठी सह्या कधी सुरू झाल्या, मेमो कधी आला, तेवढेच लेटमार्क असलेल्या इतरांना तो मिळाला का? आकस दाखवायला हीच तुलना सर्वांत उपयोगी पडते. तोंडी आदेश लेखी मागा. कोऱ्या कागदावर सही नको. सभासदांची यादी कंपनीच्या ईमेलवर तर अजिबात नको.

आणि व्यवस्थापनाने नेमलेली ‘कर्मचारी समिती’ म्हणजे युनियन नव्हे. कंपनीच्या ताब्यातली संघटना उभी करणे हा करार क्र. ९८ नुसार हस्तक्षेपच आहे.