एचेव्हेरिया उशाशी ठेवून ऑक्सिजन मिळत नाही

मावशीने एचेव्हेरियाची, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या एका सक्युलंटची, कुंडी खिडकीतून उचलून थेट उशाशी नेली. कारण अर्थात व्हॉट्सॲप. 'कमळासारखं दिसणारं हे सक्युलंट रात्रभर ऑक्सिजन देतं, हवा शुद्ध करतं. ऊन लागत नाही. रोज पानांवर पाणी फवारा. पान खोवलं की नवं रोप!' हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकतरी झाड जगवलंय का, शंकाच आहे.

आधी ऑक्सिजन. तो निघतो पाण्याच्या विघटनातून, आणि त्याला उजेड लागतो. दिवा मालवल्यावर कुठलंच झाड ऑक्सिजन बनवत नाही, उलट श्वसनासाठी थोडा वापरतं. अफवेत अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य. पाणी उडून जाऊ नये म्हणून एचेव्हेरियासारखी झाडं पानांची रंध्रं दिवसा मिटतात आणि रात्री उघडतात. तेव्हा आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा उजेडात त्याची साखर होते. एचेव्हेरियाच्याच कुळातल्या पानफुटीची पानं सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांचं निरीक्षण १८१५ साली छापून आलं होतं. ते याच आम्लामुळे. म्हणजे रात्री हे झाड कार्बन डायऑक्साइड घेतं. त्याचं 'ऑक्सिजन देतं' कुणी केलं कोण जाणे. आणि घेऊन घेऊन घेणार किती? शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट बाहेर सोडत असतो.

हवा शुद्ध होण्याची कथा नासाच्या १९८९च्या अहवालावरून चालत आलीय. ते प्रयोग बंद पेटीतले होते. अशा अनेक प्रयोगांचे आकडे कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी २०१९ मध्ये पुन्हा तपासले. साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं निघालं. मग पलंग कुठे ठेवायचा?

ऊन लागत नाही म्हणे! उजेड कमी पडला की देठ लांबतो, पानं विरळ होतात, आणि लांबलेला देठ पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून नव्याने लावणं एवढाच उपाय. फक्त सावलीतलं झाड एकदम भर उन्हात नेऊ नका, पानं भाजतात.

झाड खरं मरतं ते फवाऱ्याने. पाणी मधल्या गाभ्यात साचतं आणि झाड तिथून कुजतं. पानांवरची पांढुरकी झिलईही डागाळते. ती एकदा पुसली गेली की त्या पानावर परत येत नाही. पाणी मातीला द्या, कुंडीच्या भोकातून निघेपर्यंत, आणि मग माती पूर्ण सुकेपर्यंत हात आवरा. खालची पानं सुरकुतली तर तहान आहे. मऊ, पिवळट, पारदर्शक झाली तर पाणी जास्त झालंय. अगदी खालची एखाद-दोन वाळली तर तो नेहमीचा क्रम.

पानापासून रोप होतं, हे मात्र बरोबर. पण पान बुडापासून अख्खं निघायला हवं, आणि ते मातीत खोवायचं नसतं. जखम सुकू द्यायची, मग नुसतं मातीवर ठेवायचं.