किल्ला कुठला?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तेच पेटलंय, इतिहासाच्या पुस्तकात कोणाला किती पानं, मुघल कमी केले ते बरं केलं की वाईट. वर्गात हे सगळेच इतिहासाच्या तासाला पेंगायचे, मी पण. इथे व्हँकुव्हरजवळ सरेमध्ये बसून मी ते वाचत होतो आणि दुसऱ्या हाताने लेकीच्या तीन घड्यांच्या बोर्डावर फोटो चिकटवत होतो, कारण तिच्या शाळेत हेरिटेज फेअर, म्हणजे पोरांनी मांडलेलं इतिहासाचं प्रदर्शन, होती.

ही भानगड कॅनडात 1993 पासून आहे. पोराने विषय स्वतः निवडायचा, कॅनडाशी संबंध हवा, घरच्या आजोबांची गोष्टसुद्धा चालते. बोर्ड बनवायचा आणि परीक्षक समोर येऊन विचारतील त्याची उत्तरं द्यायची. बोर्ड आईबापांनीच केलेले असतात हो बरेच, इथेही काही रामराज्य नाही, पण प्रश्न सुरू झाले की लगेच कळतं कोणाचा कोणी केलाय ते.

लेकीने कोमागाता मारू घेतलं. 1914 ची बोट, 376 प्रवासी, बहुतेक शीख, व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकवून ठेवली आणि शेवटी परत पाठवली. मायदेशातून थेट, न थांबता आलात तरच उतरू देऊ असा नियम होता आणि भारतातून तशी थेट बोट नव्हतीच, शिवाय माणशी 200 डॉलर दाखवा. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती 2016 मध्ये. मी आपला या माफीवर अडलेलो, ती मोठ्या अक्षरात लाव म्हणून मागे लागलो, तर ही म्हणे बाबा, दोन महिने ते जेवले काय? शेजारच्या पंजाबी आजींकडे गेली विचारायला. आजींनी सांगितलं की किनाऱ्यावर आधीच राहणाऱ्या आपल्या लोकांनी पैसे गोळा केले, बोटीचं भाडंसुद्धा भरलं. मग बोर्डाचा अर्धा भाग त्या लोकांचाच झाला, आणि माफी खाली कोपऱ्यात गेली.

ग्रुपवर कोण बरोबर यात मला पडायचं नाही. पुस्तकात काय असावं हा भांडायचाच विषय आहे, भांडा. पण त्या दोनशे मेसेजमध्ये पोरं स्वतः काय विचारतात हे एकानेही लिहिलं नव्हतं. आणि आपल्याकडे काही नाही असंही नाही ना, दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात, एवढी मोठी हेरिटेज फेअर दुसरी कुठली? 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा ग्रुपवर भगवे झेंडे नुसते. फक्त किल्ल्यासमोर उभं राहून पोराला कोणी काही विचारत नाही.

गेल्या दिवाळीत ताईने भाच्याच्या किल्ल्याचा फोटो पाठवला, तयार विकत आणलेला. मी फोनवर विचारलं, कुठला रे हा?

"मामा, किल्ला आहे. कुठला म्हणजे?"

म्हटलं, तोफ कुठे ठेवलीस आणि का, ते तरी सांग. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला थांब, आणि फोन तसाच ठेवून पळाला.